जुन्या ट्रकच्या एंजिनासाठी स्पार्क प्लगची निवड

पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकच्या एंजिनात शेकडो भाग असतात. स्पार्क प्लग हा त्यांतील सर्वांत स्वस्त आणि सहज बदलता येणाऱ्या भागांपैकी एक होय. कदाचित याच कारणामुळे त्याच्या निवडीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दुकानातील जो प्लग हेडच्या आट्यांत बसतो तो चालतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. नव्या वाहनाच्या बाबतीत या समजुतीने फारसे बिघडत नाही, कारण कारखानदाराचे पुस्तक हाताशी असते आणि त्यात प्लगचा क्रमांक स्पष्ट छापलेला असतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ट्रकची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पुस्तक हरवलेले असते, मूळ प्लग करणाऱ्या कंपनीने आपले क्रमांक बदललेले असतात, आणि ज्या पेट्रोलसाठी ते एंजिन घडविले गेले ते पेट्रोलही आज मिळत नाही. अशा वेळी निवड आकड्यावरून न करता तत्त्वावरून करावी लागते.

ही निवड चुकली तर नुकसान प्लगपुरते राहत नाही. अयोग्य प्लगमुळे दट्ट्याच्या, म्हणजेच पिस्टनच्या, माथ्यास भोक पडू शकते, झडपा जळू शकतात, हेडमधील आटे कायमचे बिघडू शकतात. नवा प्लग बाजारात सहज मिळतो. जुन्या एंजिनाचा दट्ट्या तसा मिळत नाही. म्हणून या लहानशा वस्तूचा विचार थोडा बारकाईने करणे अगत्याचे आहे.

प्लगची रचना व कार्य

अंतर्ज्वलन एंजिनात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते आणि योग्य क्षणी पेटविले जाते. डिझेल एंजिनात दाबलेली हवाच इतकी तापते की, तीत उडविलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे तेथे स्पार्क प्लगची आवश्यकता नसते. टाटा कंपनीने १९५४ सालापासून मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल ट्रक तयार करण्यास आरंभ केला, आणि पुढे भारतातील मालवाहतूक बव्हंशी डिझेलवरच चालू लागली. येथील विवेचन त्यापूर्वीच्या, तसेच त्यानंतरही काही काळ चालत राहिलेल्या, पेट्रोल ट्रकांना लागू आहे.

विजेच्या ठिणगीने मिश्रण पेटविण्याची कल्पना जुनी आहे. एत्येन लेन्वार याने १८६० साली पॅरिस येथे बनविलेल्या वायु-एंजिनात ती वापरली होती. पुढे १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यातील गोट्लोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला जोडावयाचा प्लग सिद्ध केला, आणि आजच्या प्लगचा पाया घातला गेला. मराठी परिभाषेत या वस्तूस 'ठिणगी-गुडदी' असा शब्द घडविण्यात आला. परंतु कारखान्यांत व रस्त्यांवर 'प्लग' हाच शब्द रुळला आहे.

प्लगचे मुख्य भाग चार असतात. बाहेरच्या बाजूस पोलादी कवच असते. त्याच्या खालच्या अंगास आटे व वरच्या अंगास पान्यासाठी षट्कोन असतो. कवचाच्या आत पांढऱ्या चिनी मातीसारखा दिसणारा विसंवाहक असतो. तो मुख्यत्वे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडापासून बनवितात. तो विजेस वाट देत नाही, परंतु उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतो. विसंवाहकाच्या मधून धातूची काडी खाली येते. तिचे टोक हा मधला विद्युदग्र. कवचाच्या कडेस जोडलेली वाकडी पट्टी हा दुसरा विद्युदग्र. या दोहोंमध्ये जी अरुंद फट ठेवलेली असते तीतून ठिणगी उडते.

हे कार्य किती वेळा घडते याचा हिशेब उद्‌बोधक आहे. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल तर प्रत्येक प्लगमध्ये मिनिटाला १,५००, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या उडतात. सहा सिलिंडरांच्या एंजिनात एकाच कॉइलला सेकंदाला १५० ठिणग्या पुरवाव्या लागतात. प्रत्येक ठिणगीनंतर जळणाऱ्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि लगेच पुढच्या धावेत थंड मिश्रण त्याच प्लगवर येऊन आदळते. अशा परिस्थितीत प्लगचे टोक फार तापता कामा नये आणि फार थंडही राहता कामा नये. प्लगच्या निवडीतील खरी अडचण येथे आहे.

एक परिचित उदाहरण

विवेचन नेमके व्हावे म्हणून डॉज कंपनीचे सहा सिलिंडरांचे २३० घनइंचांचे एंजिन उदाहरणादाखल घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या पाऊण टनी डॉज ट्रकांत हे एंजिन होते. युद्धानंतर १९४६ पासून विकल्या गेलेल्या 'पॉवर वॅगन' या ट्रकमध्येही प्रथम तेच बसविले जात असे. त्याच्या सिलिंडराचा व्यास सव्वातीन इंच (८२.५५ मिलिमीटर) व दट्ट्याची धाव चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच (११७.५ मिलिमीटर) होती. मिश्रण दाबण्याचे प्रमाण ६.७ च्या आसपास होते. आजच्या पेट्रोल एंजिनांत ते दहा किंवा त्याहून अधिक असते. झडपा सिलिंडराच्या बाजूस, ठोकळ्यातच असल्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण होय. प्लग त्या झाकणात उभा बसतो.

या कुळातील वाहनांशी भारताचाही संबंध आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, डी सोटो व फार्गो या नावांची वाहने जोडण्यास आरंभ केला. त्यामुळे बाजूच्या झडपांची सहा सिलिंडरी एंजिने येथील कारागिरांच्या हाताखालून गेली. असा एखादा ट्रक आज पुन्हा चालता करावयाचा झाल्यास प्रथम प्रश्न उद्भवतो तो प्लगचा.

प्रथम मापे

प्लग निवडताना तीन मापांबाबत तडजोड चालत नाही. ती मापे म्हणजे आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि बैठकीचा प्रकार.

आट्यांचा व्यास पहिला. आरंभीच्या कित्येक एंजिनांत १८ मिलिमीटर व्यासाचे प्लग असत. पुढे १४ मिलिमीटरचा व्यास सर्वत्र रूढ झाला. वर सांगितलेल्या डॉज एंजिनात १४ मिलिमीटरचाच प्लग लागतो. व्यास चुकला तर प्लग बसतच नाही. म्हणून ही चूक सहसा होत नाही.

आट्यांची लांबी चुकली तर मात्र प्लग व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो, आणि खरा धोका येथेच आहे. १४ मिलिमीटर व्यासाचे प्लग ३/८ इंच (९.५ मिलिमीटर), १/२ इंच (१२.७ मिलिमीटर) व ३/४ इंच (१९ मिलिमीटर) अशा निरनिराळ्या लांबींत मिळतात. हेडची जाडी ज्या लांबीसाठी ठरविलेली असेल तीच लांबी हवी. आखूड प्लग बसविला तर ठिणगी ज्वलनकक्षात न उडता एका खोबणीत उडते. मिश्रण नीट पेटत नाही, आणि हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरून जातात. पुढे योग्य लांबीचा प्लग लावू गेल्यास तो त्या काजळीत अडकतो. उलट, लांब प्लग बसविला तर त्याचे आटे ज्वलनकक्षात लोंबतात. ते तापून लाल होतात, त्यांवर कीट चढते आणि प्लग काढताना हेडचे आटे खरवडून निघतात. बाजूच्या झडपांच्या एंजिनात याहून मोठा धोका असतो. तेथे प्लगच्या खाली झडप उघडत असेल तर लांब प्लगचे टोक तिच्यावर आपटू शकते. ज्यांच्या विसंवाहकाचे टोक कवचाबाहेर मुद्दाम पुढे काढलेले असते, अशा आधुनिक प्लगांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

तिसरे माप बैठकीचे. काही प्लगांची बैठक सपाट असून तिच्यावर चपटा वॉशर असतो. काहींची बैठक निमुळती असून त्यांना वॉशर लागत नाही. एका प्रकारच्या हेडमध्ये दुसऱ्या प्रकारचा प्लग लावल्यास वायू गळतो व उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद होते. या नियमाला अपवादही असतात, आणि तो डॉजच्याच घराण्यात सापडतो. क्रायस्लरने १९६० साली तिरप्या ठेवणीचे सहा सिलिंडरी एंजिन काढले व ते पुढे ट्रकांतही बसविले. १९७४ पर्यंतच्या त्याच्या हेडमध्ये प्लग पातळ धातूच्या नळीतून बसतो आणि त्या नळीमुळेच सांधा बंद होतो. म्हणून तेथे सपाट बैठकीच्या प्लगवरील वॉशर काढून टाकावा लागतो. बाजूच्या झडपांच्या जुन्या एंजिनात मात्र वॉशर आवश्यक आहे. वाहनाचे नाव सारखे असले म्हणजे नियमही सारखा असतो असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

तापश्रेणी म्हणजे काय

मापे जुळली की खरा निर्णय उरतो, तो तापश्रेणीचा. 'उष्ण' व 'शीत' प्लग हे शब्द ऐकून उष्ण प्लगची ठिणगी अधिक गरम असते असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. ठिणगीची शक्ती कॉइल व तिच्याशी संबंधित भागांवर अवलंबून असते. उष्ण व शीत हे शब्द प्लगचे टोक किती तापलेले राहते एवढेच सांगतात.

एखाद्या रांजणात वरून पाण्याची एकसारखी धार पडत आहे व तळाशी एक छिद्र आहे अशी कल्पना करावी. छिद्र मोठे असेल तर पाण्याची पातळी खालीच राहील. छिद्र लहान असेल तर ती चढेल. धार दोन्ही वेळी तीच असते. प्लगच्या टोकाचेही असेच आहे. ज्वलनातून येणारी उष्णता ही धार होय. विसंवाहकातून कवचाकडे, कवचातून आट्यांकडे व वॉशरकडे, आणि तेथून हेडमधील थंड पाण्याकडे जाणारी वाट हे छिद्र होय. विसंवाहकाचे नाक लांब असेल तर उष्णतेस कवचापर्यंत दूर जावे लागते व टोक अधिक तापते. हा उष्ण प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा शीत प्लग. दोन प्लग शेजारी ठेवून खालून पाहिल्यास पांढऱ्या नाकाची ही लांबी डोळ्यांनाही दिसते.

टोकाच्या तापमानाला दोन मर्यादा आहेत. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या खाली टोक राहिले तर काजळी व तेलाचे कण त्यावर साठत जातात. काजळी ही विजेची वाहक असल्यामुळे वीज फटीतून उडी मारण्याऐवजी काजळीवरून ओघळून जाते आणि ठिणगी पडत नाही. त्या तापमानाच्या वर काजळी जळून जाते व प्लग स्वतःस स्वच्छ ठेवतो. उलट, टोक सुमारे ८५० अंशांच्या वर गेले की ते निखाऱ्यासारखे वागू लागते. ठिणगीची वाट न पाहता मिश्रण त्या निखाऱ्यावरच पेटते. दट्ट्या अजून वर येत असताना वायू पेटल्यामुळे त्याच्यावर भलत्या वेळी दाब येतो, उष्णता आणखी वाढते, निखारा आणखी तापतो आणि पुढचे ज्वलन आणखी लवकर होते. हे अकाली ज्वलन वाढत गेले म्हणजे अल्पावधीत दट्ट्याचा माथा वितळू शकतो.

या दोन मर्यादांतून निवडीचा एक महत्त्वाचा नियम निघतो. शीत प्लगची चूक एंजिन अडविते. उष्ण प्लगची चूक एंजिन मोडते. काजळलेला प्लग काढून पुसता येतो, वितळलेला दट्ट्या पुसता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा कारखानदाराने सांगितलेल्या श्रेणीपासून उष्ण बाजूस जाताना विशेष जपावे, आणि कोणत्याही बाजूस एका पायरीपेक्षा अधिक जाऊ नये.

ट्रकचा उपयोग कसा होतो यावर पायरी ठरते. कमी दाबाचे, मंद गतीचे जुने एंजिन स्वभावतःच कमी तापते. म्हणून आजच्या मोटारींपेक्षा त्याला सामान्यतः उष्ण प्लग लागतो. असा ट्रक थोडथोडे अंतर चालून वारंवार थांबत असेल, किंवा बराच वेळ जागेवरच चालू ठेवला जात असेल, तर प्लग काजळतात. तेथे एक पायरी उष्ण प्लग उपकारक ठरू शकतो. तोच ट्रक भार घेऊन घाट चढत असेल तर मूळ श्रेणी सोडू नये; प्लगची नाके पांढरी पडताना दिसल्यास एक पायरी शीत प्लग घ्यावा.

आकड्यांची उलटापालट

येथवर तत्त्व समजले तरी दुकानात गेल्यावर एक नवी अडचण उभी राहते. तापश्रेणी दाखविणारे आकडे सर्व कंपन्यांचे सारखे नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यांचा क्रमही परस्परविरुद्ध आहे. चॅम्पियन कंपनीच्या सामान्य मोटारप्लगांत मोठा आकडा उष्ण प्लग दाखवितो. जपानच्या एन. जी. के. व डेन्सो या कंपन्यांच्या पद्धतींत मोठा आकडा शीत प्लग दाखवितो. बॉशच्या जुन्या पद्धतीत १७५, २२५ असे तीन अंकी आकडे असत व मोठा आकडा शीत प्लगचा असे; पुढे त्याच कंपनीने एक-दोन अंकी आकडे स्वीकारले आणि त्यांत मोठा आकडा उष्ण प्लगचा झाला. बंगळुरू येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीने बॉशच्या सहकार्याने भारतात प्लग बनविले. 'मायको' हे नाव असलेले जुने प्लग हाती आल्यास त्यांवरील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे प्रथम पाहावे लागते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बाजूच्या झडपांच्या डॉज एंजिनांत चॅम्पियनचा जे-८-सी हा प्लग पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. त्याचा व्यास १४ मिलिमीटर, आट्यांची लांबी ३/८ इंच व षट्कोन १३/१६ इंचाचा आहे. अदलाबदलीच्या तक्त्यांत त्याच्या जागी एन. जी. के.चा बी-६-एस दाखविलेला असतो. आता चॅम्पियनचे ८ एन. जी. के.मध्ये ६ झाले म्हणून कोणी 'आकडा तोच राहावा' या विचाराने बी-८ घेतला तर त्याच्या हाती दोन पायऱ्या शीत प्लग येईल, व एंजिन काजळीने अडखळेल. एन. जी. के. सोडून चॅम्पियनकडे वळणाऱ्यानेही मोठा आकडा शीत असेल असे मानून चढता आकडा घेतला तर त्याच्या हाती उष्ण प्लग येईल, आणि ही चूक अधिक महाग पडेल. यास्तव एका कंपनीच्या आकड्यावरून दुसरीचा आकडा तर्काने काढू नये. त्या त्या कंपनीचा तक्ता पाहावा, आणि तक्त्यातील प्लग हाती घेऊन आट्यांची लांबी, बैठक व नाक मूळ प्लगशी ताडून पाहावे.

फट किती ठेवावी

दोन विद्युदग्रांमधील फट रुंद ठेवली तर ठिणगी लांब होते व मिश्रण पेटण्याची शक्यता वाढते. परंतु तेवढी फट ओलांडण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. आधुनिक इलेक्ट्रॉनिक ज्वलनयंत्रणा तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत दाब देऊ शकतात. म्हणून त्यांच्या प्लगांत एक मिलिमीटरच्या वर फट ठेवता येते. जुन्या ट्रकमध्ये पॉइंट, कंडेन्सर व साधी कॉइल असते. बॅटरीही पुष्कळदा सहा व्होल्टची असे. अशा यंत्रणेचा दाब सामान्यतः वीस हजार व्होल्टच्या आसपासच संपतो. म्हणून तेथे ०.०२५ ते ०.०३५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ ते ०.८९ मिलिमीटर, एवढीच फट सांगितलेली असते. नेमका आकडा त्या एंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा.

नवा प्लग डबीतून काढून तसाच लावणे योग्य नव्हे. त्याची फट कारखान्यात सरासरी मापाने ठेवलेली असते. ती तारेच्या गेजने मोजावी, आणि कमी-अधिक करावयाची झाल्यास फक्त बाहेरची पट्टी वाकवावी. मधल्या विद्युदग्रावर जोर दिल्यास विसंवाहक तडकतो. तडा बारीक असला तरी वीज त्यातून वाट काढते, आणि एक सिलिंडर वरचेवर बंद पडतो.

रोधक व मौल्यवान धातू

प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा रेडिओ-प्रक्षेपक असतो. तिच्यामुळे आकाशवाणीच्या ग्रहणात खरखर उमटते. ही खरखर दाबण्यासाठी कित्येक प्लगांत सुमारे ५,००० ओहमचा रोधक घातलेला असतो. पॉइंटच्या जुन्या यंत्रणेस त्याची गरज नसते. तथापि कॉइल व तारा सुस्थितीत असतील तर त्याच्यामुळे हानीही होत नाही. ट्रकमध्ये रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविले असेल तर रोधकयुक्त प्लग घेणे श्रेयस्कर.

प्लॅटिनम व इरिडियम यांच्या टोकांचे प्लग आता सर्वत्र मिळतात. या धातू फार सावकाश झिजतात. त्यांचे टोक बारीक ठेवता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबात उडते. हे गुण खरे आहेत. परंतु जुन्या एंजिनाच्या कड्या व झडपांचे मार्गदर्शक झिजून तेल वर येत असेल तर ते तेल महागडा प्लग व साधा प्लग असा भेद करीत नाही. ज्या प्लगचे मोल त्याच्या दीर्घायुष्यात आहे, तो तेलाने महिन्याभरात निकामी होत असेल तर तो घेण्यात अर्थ नाही. अशा एंजिनास निकेल मिश्रधातूचा साधा प्लगच उचित होय; तो स्वस्त असतो, आणि वेळोवेळी काढून तपासण्याची सवयही त्यामुळे टिकते.

बदललेले इंधन

जुन्या पुस्तकांतील सूचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहेत. एंजिनातील ठोके थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा अमेरिकेत १९२३ साली सुरू झाली. शिशाच्या विषारीपणामुळे ती हळूहळू बंद करण्यात आली. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले, आणि २०२१ साली अल्जीरियात ते बंद झाल्यावर मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा देश जगात उरला नाही. शिशाचे थर आता प्लगवर साठत नाहीत, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु त्यामुळे प्लगचा रंगही फिका दिसतो, आणि जुन्या पुस्तकांतील 'गडद तपकिरी' ही खूण तंतोतंत लागू पडत नाही.

दुसरा बदल इथेनॉलचा. भारतात २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरने मोजून दिलेले मिश्रण अपेक्षेपेक्षा विरळ होते, आणि एंजिन अधिक तापण्याचा संभव असतो. प्लगची नाके पांढरी दिसू लागल्यास या कारणाचा विचार करावा. त्यावर खरा उपाय कार्ब्युरेटरचे छिद्र व मिश्रण नीट करणे हा आहे. केवळ शीत प्लग लावल्याने मूळ दोष झाकला जातो, जात नाही.

जुन्या प्लगची साक्ष

यावरून असे दिसेल की, नवा प्लग घेण्यापूर्वी जुने प्लग काळजीपूर्वक पाहावेत. ते काढताना कोणता प्लग कोणत्या सिलिंडरातील हे लिहून ठेवावे व सर्व क्रमाने मांडावेत. नाकाचा रंग फिका तपकिरी किंवा करडा असेल तर श्रेणी योग्य आहे. कोरडी, मऊ, काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे, चोकची झडप अडकली आहे, किंवा प्लग फार शीत आहे. ओलसर, चकचकीत काळेपणा तेलाचा असतो. तो कड्यांची किंवा झडपांच्या मार्गदर्शकांची झीज सांगतो. नाक खडूसारखे पांढरे होऊन त्यावर फोड आले असतील तर प्लग फार तापला आहे. मग विरळ मिश्रण, लवकर पडणारी ठिणगी, तुंबलेला रेडिएटर किंवा फार उष्ण प्लग यांपैकी कारण शोधावे. विद्युदग्रांच्या कडा गोल झाल्या असतील तर ती केवळ वयाची झीज होय.

सहाही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सर्वांना समान अशा भागात, म्हणजे कार्ब्युरेटरात किंवा श्रेणीत, शोधावा. एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्या एका सिलिंडरात आहे, आणि सहा नवे प्लग घेऊन तो दूर होणार नाही. कित्येक प्रसंगी प्लगला दोषी ठरवून बदलले जाते. वस्तुतः तो केवळ साक्षीदार असतो.

बसविण्याची रीत

एंजिन थंड असतानाच प्लग काढावेत. प्रथम भोवतालची धूळ फुंकून काढावी, म्हणजे ती सिलिंडरात पडणार नाही. तारा एकेक करून सोडाव्यात व लगेच जागच्या जागी लावाव्यात. या डॉज एंजिनाचा ज्वलनक्रम १-५-३-६-२-४ असा आहे व तारांची अदलाबदल झाल्यास उत्तम प्लगही निरुपयोगी ठरतात. नवा प्लग आरंभी हातानेच फिरवावा. तो सहज न फिरल्यास थांबावे. पान्याच्या जोराने घुसविलेला प्लग हेडचे आटे कापतो. हाताने बसल्यावर, नव्या वॉशरचा प्लग पान्याने आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. बिडाच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी हा जोर सुमारे ३५ ते ४० न्यूटन-मीटर होतो. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तो याहून कमी, २५ ते ३० न्यूटन-मीटर, ठेवावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये; निसरड्या आट्यांमुळे त्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. प्लग सैल राहिला तरी नुकसान होतेच, कारण उष्णता ज्या वाटेने हेडमध्ये जाते ती वाट वॉशर घट्ट दाबला गेल्यावरच पूर्ण होते. योग्य श्रेणीचा प्लगही सैल बसविल्यास उष्ण प्लगसारखा वागतो.

अशा रीतीने निवडीचा क्रम ठरतो. जुन्या प्लगची साक्ष प्रथम घ्यावी व एंजिनातील दोष दूर करावेत. नंतर व्यास, लांबी व बैठक जुळवावी. मग त्या कंपनीच्या तक्त्यावरून तापश्रेणी ठरवावी. शेवटी फट मोजून प्लग योग्य जोराने बसवावा. नवे प्लग लावल्यावर काही दिवस ट्रक नेहमीच्या भाराने चालवून ते पुन्हा एकदा काढून पाहावेत. सहाही नाके फिक्या तपकिरी किंवा करड्या रंगाची निघाली, तर निवड बरोबर झाली असे खुशाल समजावे.